बहिणीच्या गावावर दुसरा लोण नाही

माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीत पास झालो की नापास हेही मला ठाऊक नाही, कारण निकालाच्या दिवशी मी बापसाबरोबर चिऱ्याच्या खाणीवर होतो आणि निकाल आणायला कोणी गेलंच नाही. त्यानंतर पन्नासच्या वर वर्षं जांभा दगड तासला, लोकांच्या बागांचे गडगे बांधले, घरांच्या भिंती उभ्या केल्या. वाचता येतं. हळू येतं, बोट ठेवून आणि ओठ हलवून येतं, पण एकदा वाचलेलं सुटत नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढची सगळी गोष्ट एका छापील कागदाची आहे.

आमच्या वाडीचा कबड्डीचा संघ आहे. मी स्वतः खेळलो ते मातीत, अनवाणी, गुडघे फुटेपर्यंत. खेळणं थांबलं तेव्हापासून संघाच्या बाकावर बसतो. अर्जावर 'मार्गदर्शक' असा रकाना असतो, त्यात माझं नाव. वाडीतले सगळे मला आबा म्हणतात, एक पुतण्या सोडून. तो काका म्हणतो. तोच आमचा कर्णधार. मुंबईत एका कुरियरच्या गोदामात कामाला आहे. हंगामात शुक्रवारची रात्रगाडी पकडून येतो, रविवार खेळतो आणि सोमवारी सकाळी परत कामावर. वय पस्तीस, उजवा गुडघा गेलेला.

जिल्ह्याची साखळी स्पर्धा अशी असते. आठ गट, प्रत्येक गटात चार संघ. गटातला प्रत्येक संघ बाकीच्या तिघांशी एकेकदा खेळतो. गटातला पहिला तेवढा रत्नागिरीला बाद फेरीत जातो, बाकीचे तिघे घरी. आमची वाडी संगमेश्वरच्या बाजूला, चौदा वर्षं पुतण्या खेळतोय आणि चौदा वर्षांत आम्ही एकदाही बाद फेरी पाहिलेली नाही. डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की या हंगामानंतर गुडघ्याला विश्रांती दिली नाहीस तर जिने चढताना रडशील. म्हणजे हा शेवटचा हंगाम. हे तो मोठ्याने बोलला नव्हता, पण वाडीत सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या गटात आणखी तीन संघ होते. एक खाडीकाठचा, होडीवर जाणाऱ्या पोरांचा. खांदे असे की पकडीत सापडलेला माणूस सुटत नाही. दुसरा लोटे एमआयडीसीतल्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्यांचा, त्यांचा वेग जबर. आणि तिसरा आमच्या डोंगरापलीकडच्या गावाचा. ते गाव म्हणजे आमच्या देवीच्या बहिणीचं गाव. शिमग्यात दोन्ही पालख्या शिवेवर भेटतात तेव्हा दोन्हीकडच्या बायका डोळे पुसतात. माझी बायको त्याच गावची.

आता त्या गावाबरोबरची आमची रीत सांगतो. कबड्डीत समोरचा अख्खा संघ बाद केला की त्याला लोण म्हणतात, वरचे दोन गुण मिळतात आणि समोरच्यांना मान खाली घालून पुन्हा सातच्या सात मैदानात यावं लागतं. बहिणीच्या गावावर एक लोण चढवायचा. तो खेळ. दुसरा चढवायचा नाही. तो अपमान. दुसऱ्याची वेळ आली की हात आवरता घ्यायचा, सामना जिंकायचा, पण सावकाश. माझ्या बापसाने मला हे सांगितलं, त्याला त्याच्या बापसाने. कुठे लिहिलेलं नाही.

पहिल्या रविवारी आम्ही खाडीच्या संघाला नऊ गुणांनी हरवलं. दुसऱ्या रविवारी लोट्याच्या पोरांनी आम्हाला सहा गुणांनी हरवलं. तिसऱ्या रविवारी सकाळी आमचा बहिणीच्या गावाशी सामना होता आणि दुपारी खाडी विरुद्ध लोटे. बहिणीचं गाव तोवर दोन्ही सामने मोठ्या फरकाने हरलं होतं, खाडीकडून एकवीस गुणांनी आणि लोट्याकडून अठरांनी.

मैदानात उतरण्याआधी पुतण्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, काका, दुपारी खाडी जिंकली तर तिघांचे दोन-दोन विजय होतील, मग गुणांचा फरक बघतील, आज जेवढे मिळतील तेवढे घेऊन ठेवू. मी म्हटलं, आधी जिंक.

दहा मिनिटं राहिली तेव्हा आम्ही सतरा गुणांनी पुढे होतो. एक लोण चढवून झाला होता. समोर त्यांचे दोनच गडी उरलेले, एक पकड आणि एक चढाई, की दुसरा लोण. मी बाकावरून उठलो आणि दोन्ही तळवे खाली केले. पुतण्याने माझ्याकडे बघितलं. मी तळवे तसेच ठेवले. त्याने मान फिरवली आणि पोरांना काहीतरी सांगितलं. त्यानंतर आमची पोरं चढाईला जायची, मधल्या रेषेपलीकडे चार पावलं टाकून हात न लावता परत यायची. त्यांनी बारा गुण परत मिळवले. आम्ही पाच गुणांनी जिंकलो.

दुपारी खाडीने लोट्याला चार गुणांनी हरवलं.

तिघांचे दोन-दोन विजय. स्पर्धेचा सचिव लॅपटॉप घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसला, पंधरा मिनिटांत उठला आणि भोंग्यावर सांगितलं की गुणफरकाने निर्णय झाला आहे. लोटे अधिक वीस, खाडी अधिक सोळा, आम्ही अधिक आठ. लोट्याची पोरं एकमेकांच्या अंगावर चढली. आमची पोरं जिथे होती तिथे बसली. सतराचा फरक आणखी एका गुणाने जरी वाढवला असता तर आम्ही वर होतो, हे कळायला चौथीसुद्धा लागत नाही.

पुतण्या गुडघ्याचा पट्टा सोडत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चौदा वर्षं, काका."

परतताना टेम्पोत मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागून आवाज आला, आबांनी सासुरवाडीला बारा गुण आंदण दिले. कोणीतरी हसलं. दुसरा म्हणाला, आता जावयाला पुढच्या दिवाळीला सोन्याची अंगठी. मी मान वळवली नाही, पण कोण बोललं ते मला कळलं. त्याच्या घराचा पाया मी घातलेला आहे.

घरी बायको पेज वाढत होती. तिला बातमी आधीच पोचली होती, मोबाईलवर सगळं माणसाच्या पुढे धावतं. मला वाटलं ती तरी बरं बोलेल. ती म्हणाली, "माझ्या माहेरच्यांनी मागितले होते काय तुमच्याकडे?" मी म्हटलं, रीत आहे. ती म्हणाली रीत पालखीपुढे असते, मैदानात खेळ असतो, त्या पोराच्या तोंडाकडे तरी बघायचं होतं. जेवण होतंय तोवर तिच्या भावाचा फोन आला. तो त्या गावच्या संघाचा कारभार बघतो. मला वाटलं आभार मानतोय.

"भावोजी, आमची पोरं लंगडी आहेत काय?" तो बोलला. "पोरं शाळेच्या मागे बसून रडली. हरल्याबद्दल नाही. तुमची पोरं हात न लावता परत जात होती ते सगळ्यांनी बघितलं."

मी त्याला बापसाचं नाव सांगितलं, रीत सांगितली. तो म्हणाला रीत मलाही ठाऊक आहे, पण ती तुमच्या बाजूने ठाऊक आहे तशी आमच्या बाजूने कोणी विचारली नाही. पुढच्या वर्षी आम्ही तुमच्यावर दोन लोण चढवू, मग बघा कसं वाटतं. फोन ठेवला.

म्हणजे ज्यांच्याकरता केलं तेही रागावलेले आणि ज्यांचं गेलं तेही. पेज तशीच ठेवून मी पडवीत येऊन बसलो. चुकलो असं मला वाटत नव्हतं. आजही वाटत नाही, हे स्पष्ट लिहितो. पण पुतण्याची चौदा वर्षं माझ्या रितीपायी जावीत हेही मला मान्य नव्हतं. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या होत्या आणि त्यातली एकही सोडायला मी तयार नव्हतो.

सोमवारी सकाळी मी नियमाचा कागद काढला. नावनोंदणीच्या वेळी प्रत्येक संघाला देतात, चार पानांचा. बाकीचे संघ त्यात वडे बांधतात. मी तो आरशामागे ठेवला होता. पहिल्या पानापासून सुरुवात केली, कारण मधूनच वाचलं तर मला सापडत नाही. मैदानाची लांबी, रुंदी, पंचांचा पोशाख, सगळं वाचलं. दुपारी बारावा नियम आला. तो असा होता: दोन किंवा अधिक संघांचे विजय समान झाल्यास पुढील क्रमाने निर्णय घ्यावा. अ, बरोबरीतील संघांच्या आपसातील सामन्यांतील विजय. ब, बरोबरीतील संघांच्या आपसातील सामन्यांतील गुणफरक. क, सर्व सामन्यांतील गुणफरक. ड, चिठ्ठी.

मी तो नियम पाच वेळा वाचला. मग मागल्या दारी गेलो, एक तासलेला चिरा पडला होता त्यावर कोळशाने तिन्ही संघ मांडले. अ बघितला. आम्ही खाडीला हरवलं, खाडीने लोट्याला, लोट्याने आम्हाला. प्रत्येकाचा एकेक विजय, म्हणजे तिथे काही सुटत नाही. मग ब. आम्ही खाडीवर नऊने पुढे, लोट्याला सहाने मागे, राहिले अधिक तीन. लोट्याचे आमच्यावर सहा, खाडीला गेले चार, राहिले अधिक दोन. खाडीचे लोट्यावर चार, आम्हाला गेले नऊ, राहिले उणे पाच.

आम्ही एका गुणाने पुढे.

बहिणीच्या गावाचा सामना ब मध्ये येतच नाही. ते बरोबरीत नाहीत. सचिवाने अ नंतर थेट क धरला होता. मी कोळसा पुसून परत मांडलं. चार वेळा मांडलं. बायको कपडे वाळत घालता घालता बघत होती. ती सातवी शिकलेली आहे. आली, बोट लावून मोजलं आणि म्हणाली, "बरोबर आहे हो." एवढंच. पण तिने दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीकरता भाकरी बांधायला घेतली.

पुतण्याला फोन केला. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, काका, राहू दे आता, निकाल लागला, लोक हसतील. मी म्हटलं, लोक कालच हसले, टेम्पोत. वाडीत दोघंतिघं म्हणाले की देवीला कौल लावू, ती सांगेल तसं करू. मी म्हटलं, देवीला कशाला त्रास देता, बाराव्या नियमात लिहिलंय.

रत्नागिरीत स्पर्धेची कचेरी म्हणजे एका कार्यालयाच्या माडीवर एक खोली. सचिव तरुण, बोलायला गोड. मला पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाला, आजोबा, आकडे कॉम्प्युटरने काढलेत, त्यात चूक होत नाही. मी विचारलं, कॉम्प्युटरने कोणता नियम वाचला? तो हसला. मी कागद त्याच्या पुढ्यात ठेवला आणि बारावा नियम मोठ्याने वाचून दाखवला. माझं वाचून होईपर्यंत त्याने दोन फोन घेतले. तिसरा वाजला तो त्याने घेतला नाही, कारण मी ब वर पोचलो होतो आणि तोही कागदात बघत होता.

शेवटी म्हणाला, हा मधला मुद्दा या वर्षी नवीन घातलाय बहुतेक. पण आता मी एकटा काही बदलू शकत नाही, निकालानंतर तीन दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते, म्हणजे उद्यापर्यंत. मी म्हटलं आत्ताच देतो. तो म्हणाला मी टाईप करून देऊ? मी नको म्हटलं. त्याच्याकडून कोरा कागद घेतला आणि खालच्या चहाच्या टपरीवर बसून लिहिला. सहा ओळी. तास लागला. जोडाक्षरं दोन ठिकाणी खोडली. पण ती तक्रार माझ्या हातची होती आणि तिच्याखाली माझी सही होती.

शनिवारी अकरा वाजता सुनावणी ठेवली. समितीचे तिघे, मध्ये अध्यक्ष, निवृत्त पंच, डोळ्यांवर जाड चष्मा. खाडीच्या संघाचं कोणी आलं नव्हतं. त्यांचा कर्णधार फोनवर म्हणाला होता की कसंही मोजलंत तरी आम्ही वर जात नाही आणि इथे बांगडा लागलाय, आम्हाला सोडा. लोट्याचा कर्णधार आला होता, तिशीतला गडी, रात्रपाळी करून थेट, अंगात कंपनीचं जाकीट, डोळे लाल. माझा पुतण्या मुंबईहून उतरून सरळ तिथे आला होता. येणार नाही म्हणाला होता, पण आला.

अध्यक्षांनी बारावा नियम वाचला. सचिवाने मान्य केलं की लॅपटॉपमध्ये गेल्या वर्षीचं सूत्र राहिलं होतं. त्याला ते बोलायला जड गेलं, पण बोलला. मला वाटलं झालं. मग लोट्याचा कर्णधार म्हणाला की मला एक विचारायचंय. त्याने मोबाईल टेबलावर ठेवला. आमच्या आणि बहिणीच्या गावाच्या सामन्याचं कोणीतरी काढलेलं चित्रण होतं. शेवटची दहा मिनिटं.

अध्यक्षांनी ते सगळं बघितलं. चष्मा काढला आणि मला विचारलं, "तुमच्या पोरांनी लागोपाठ आठ चढाया रिकाम्या घातल्या. दमली होती का?"

अध्यक्ष सुटकेचं दार उघडून देत होते हे मला कळलं. पुतण्याला माझ्या आधी कळलं. त्याने टेबलाखालून माझं मनगट धरलं आणि पुटपुटला, "होय बोला, काका."

मी आयुष्यात खोटं बोललो नाही असं म्हणणार नाही. चिऱ्याच्या मापाबद्दल बोललोय, वयाबद्दल बोललोय. पण ही रीत माझ्या बापसाची होती आणि तिला दमणं म्हणायचं माझ्या तोंडून निघेना.

"दमली नव्हती," मी म्हटलं. "मी सांगितलं."

मग सगळं सांगितलं. देवी, बहीण, पहिला लोण, दुसरा लोण. पुतण्याने मनगट सोडलं. तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. अध्यक्षांनी कागद उलटला आणि एकोणिसावा नियम काढला. जाणूनबुजून दुबळा खेळ करणाऱ्यावर किंवा करवणाऱ्यावर समिती कारवाई करेल. म्हणाले, याचा अर्थ तुम्हाला कळतो ना, अशाने संघ स्पर्धेबाहेर जाऊ शकतो.

मी म्हटलं, परत वाचा. त्यांना राग आला, पण वाचलं. मी म्हटलं, करवणारा मी आहे. पोरांनी ऐकलं, कारण बाकावर मार्गदर्शक म्हणून मी होतो आणि न ऐकणाऱ्या पोराला मी संघात ठेवत नाही. कारवाई करायची ती माझ्यावर करा. आणि दुसरं असं की तो सामना धरलात तर आम्ही सगळ्यांत मागे पडतो, सोडलात तर आम्ही एका गुणाने पुढे. बारा गुण आम्ही दिले ते आमच्याच अंगावरचे. त्यात आमचा फायदा कुठे झाला तो दाखवा, मी तक्रार मागे घेतो.

लोट्याचा कर्णधार माझा कोळशाचा हिशोब बघत होता, तो मी एका कागदावर उतरवून आणला होता. त्याने बोटाने आकडे मोजले, माझ्यासारखेच, ओठ हलवून. मग एकदम हसला.

"म्हणजे आजोबा, गेल्या रविवारी आम्हाला वर चढवलंत ते तुम्हीच," तो बोलला. "आणि आज पाय धरून खाली ओढायला आलात तेपण तुम्हीच."

मी म्हटलं, होय.

त्याने अध्यक्षांना सांगितलं की मला हरायला आवडत नाही, पोरांना काय तोंड दाखवू ते मला माहीत नाही, चार जणांनी बाद फेरीकरता पाळ्या बदलून घेतल्यात. पण एकाने पुढे म्हणजे पुढे. यांनी आमचं काही चोरलेलं नाही. हे सांगून तो उठला आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला. त्याचं ते उठून जाणं मला फार लागलं. त्याच्या जागी मी असतो तर भांडलो असतो.

समितीने आम्हाला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने बोलावलं. निर्णय असा की नियम बारा ब प्रमाणे बाद फेरीत आमचा संघ जाईल. आणि नियम एकोणीस प्रमाणे मार्गदर्शकाला, म्हणजे मला, या हंगामात संघाच्या बाकावर बसता येणार नाही, मैदानाभोवतीच्या दोरीच्या आत येता येणार नाही. सामना बघायचा असेल तर लोकांत बसून बघायचा, आणि बाहेरून खुणा करताना दिसलो तर संघ बाद.

पुतण्या उसळला. म्हणाला, साहेब, काका बाकावर नसतील तर आम्ही खेळत नाही. मी त्याच्याकडे वळलो आणि म्हटलं, "गप्प बस. मी तुझ्याकरता सहा ओळी लिहिल्यात." मी सही केली. सचिवाने निर्णयाची एक प्रत दिली ती घडी घालून खिशात ठेवली.

खाली लोट्याच्या कर्णधाराबरोबर आम्ही चहा घेतला. तो म्हणाला की पुढच्या वर्षी तुमच्याशी सामना पडला तर आमच्या गावची कोण बाई तुमच्याकडे दिलीय का ते आधी शोधून ठेवतो. पुतण्या पहिल्यांदा हसला. बस आली आणि तो गडी जाकिटाची टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या बाकड्यावर झोपायला गेला.

बाद फेरी दोन आठवड्यांनी, शनिवार-रविवार, दिवसाचे सामने, मातीवर नाही, मॅटवर. आमच्या पोरांनी मॅट फक्त मोबाईलवर बघितलेली. मी दोरीबाहेर, तिसऱ्या पायरीवर बसलो. बायको बरोबर आली होती. आमच्या बाकावर माझ्या जागी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या.

पहिला सामना गुहागरच्या बाजूच्या एका संघाशी. पोरं सुरुवातीला घसरत होती. मला दिसत होतं की डावा कोपरा फार पुढे येतोय, त्याला मागे घ्यायला हवा. इथून ओरडलो असतो तर त्याला ऐकू गेलं असतं, माझा आवाज खाणीत तयार झालेला आहे. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. बायको म्हणाली, तोंडपण दाबा. अर्ध्या वेळेला आम्ही तीनने मागे होतो. मग पुतण्यानेच त्या पोराला दंडाला धरून एक पाऊल मागे आणलं. मी त्याला हे कधी शिकवलं होतं का ते आठवेना. त्याला स्वतःला दिसलं असावं.

पाच मिनिटं राहिली तेव्हा आम्ही नऊने पुढे आणि समोर त्यांचा एकच गडी. तोच चढाईला आला. पुतण्याने आमच्या बाकाकडे बघितलं, तिथे बाटल्या. मग त्याने लोकांत मला शोधलं. सापडलोही. मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो, हललो नाही, पापणीसुद्धा नाही. गुहागरशी आमची काही रीत नाही, हे त्याला माझ्याकडून कळायची गरज नव्हती. तो खाली वाकला, त्या गड्याचा घोटा धरला आणि त्याच्या अंगावर आमचे चार पडले. तो त्यांच्यावरचा दुसरा लोण. बायको उभी राहून टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशीचा सामना आम्ही हरलो. समोरचा संघ आमच्यापेक्षा सरस होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सात गुणांनी हरलो. पुतण्या शेवटच्या मिनिटापर्यंत मैदानात होता, लंगडत का होईना, चढाईला जात होता. त्याला बदलायचं का, हे बाकावरच्यांनी त्याला विचारलं तेव्हा तो काय बोलला ते मला इथून ऐकू आलं नाही, पण पोरं हसली आणि कोणी बदललं नाही.

बक्षीस समारंभाआधी भोंग्यावर सांगितलं की आठही संघांनी फोटोकरता मैदानात यावं, मार्गदर्शकांसह. पुतण्याने दोरीपाशी येऊन मला हाक मारली. मी नकाराची मान हलवली. त्याने परत हाक मारली, आता तर स्पर्धा संपली, काका, कोण बघतोय. मी म्हटलं हंगाम लिहिलंय, स्पर्धा नाही, आणि हंगाम अजून चालू आहे. सचिव लांबून बघत होता. त्याने हात केला, या म्हणून. मी गेलो नाही. सही माझी होती.

पुतण्याने पोरांकडे वळून काहीतरी सांगितलं. मग दहाबारा जण, मॅटवरून तसेच, एकेक करून दोरीखालून वाकून बाहेर आले आणि तिसऱ्या पायरीवर माझ्या दोन्ही बाजूंना बसले. टेम्पोत अंगठीचं बोललेला तो माझ्या पायाशी बसला. बायकोला उठायचं होतं, तिला कोणी उठू दिलं नाही. फोटोवाल्याला कॅमेरा घेऊन दोरीबाहेर यावं लागलं, तो कुरकुरला.

मी खिशातली निर्णयाची प्रत काढून एकदा वाचली. बाकाविषयी लिहिलं होतं, दोरीच्या आत येण्याविषयी लिहिलं होतं, खुणांविषयी लिहिलं होतं. दोरीबाहेरच्या फोटोविषयी काही नव्हतं. मग मी टोपी सारखी केली आणि फोटोवाल्याला म्हटलं, हं, काढ आता.